व्यसनी आरोपी: नुसती कोठडी नको, उपचारही हवा

दारू पिऊन मारामारी केली, खिशात गांजाची पुडी सापडली, एम.डी.च्या पैशासाठी मोबाइल चोरला, अशा बातम्या पालघर, बोईसर, नालासोपारा भागातील वाचकांना नवीन नाहीत. बातमीत आरोपीचे वय असते, कलम असते, जप्त मालाची किंमत असते. एक गोष्ट मात्र नसते. त्या माणसाला व्यसनाचा आजार आहे का, आणि असल्यास त्याच्या उपचाराचे पुढे काय झाले?

पकडलेला माणूस आरोपी असतो, तसाच तो कित्येकदा रुग्णही असतो. आरोपीसाठी पोलीस आहेत, वकील आहेत, न्यायालय आहे. रुग्णासाठी काय आहे? बऱ्याच वाचकांना कल्पना नसेल, पण त्यासाठीही कायद्यात कलमे आहेत आणि सरकारच्या तिजोरीत पैसा आहे. तो पैसा कुठून येतो, कुठपर्यंत पोहोचतो आणि आपल्या गावाच्या वेशीबाहेर का थांबतो, हे आज पाहू.

व्यसन हा आजार कसा?

दारू, गर्द, गांजा, एम.डी. किंवा झोपेच्या गोळ्या यांपैकी कोणताही पदार्थ रोज शरीरात जाऊ लागला की मेंदू त्याच्याशी जुळवून घेतो. हळूहळू पूर्वीच्या मात्रेने काम भागत नाही, मात्रा वाढवावी लागते. याला सहनशक्ती वाढणे म्हणतात. पुढे अशी अवस्था येते की पदार्थ मिळाला नाही तर शरीर बंड करते. हात थरथरतात, घाम फुटतो, झोप उडते, अंग मोडून येते. गर्द ओढणारे त्याला 'टर्की' म्हणतात. या अवस्थेतला माणूस मजेसाठी नव्हे, त्रास थांबावा म्हणून पदार्थ घेतो. त्यासाठी तो घरातली भांडी विकतो, बायकोचे मंगळसूत्र गहाण टाकतो आणि एक दिवस दुसऱ्याच्या खिशात हात घालतो.

दिल्लीच्या एम्स रुग्णालयातील राष्ट्रीय व्यसन उपचार केंद्राने सामाजिक न्याय मंत्रालयासाठी देशभर पाहणी केली. तिचा अहवाल २०१९ मध्ये प्रसिद्ध झाला. त्यानुसार १० ते ७५ वयोगटातील सुमारे १४.६ टक्के लोक, म्हणजे सुमारे १६ कोटी, दारू घेतात. त्यांपैकी ५ कोटी ७० लाखांच्या आसपास लोकांना दारूच्या त्रासासाठी मदतीची गरज आहे. दारूच्या पूर्ण आहारी गेलेल्या दर ३८ जणांपैकी जेमतेम एकाला काही ना काही उपचार मिळाले होते, आणि रुग्णालयात दाखल होऊन उपचार मिळालेला १८० जणांत एकच. दमा किंवा क्षयाच्या बाबतीत असे आकडे आले असते तर गहजब झाला असता.

आजार आहे म्हणून गुन्हा माफ, असे मात्र कोणी समजू नये. नवऱ्याचा मार खाणाऱ्या बाईला, चोरी झालेल्या दुकानदाराला न्याय मिळालाच पाहिजे. पण शिक्षा भोगून आलेला माणूस व्यसन तसेच घेऊन परत आला तर त्याच बाईला पुन्हा मार बसतो. म्हणून उपचार हा आरोपीवर उपकार नाही, त्यात त्याच्या घरच्यांचे आणि शेजाऱ्यांचेही संरक्षण आहे.

आपल्या भागाचे वेगळेपण

तारापूर औद्योगिक वसाहतीमुळे बोईसर परिसरात बाहेरगावाहून आलेला तरुण कामगार मोठ्या संख्येने राहतो. एका खोलीत सहा-सात जण, बारा तासांची पाळी, घरचे माणूस जवळ नाही. दारू सहज मिळते. गुजरात आणि दमणची हद्द जवळ असल्याने चोरटी दारू या मार्गाने येते. गावांमध्ये हातभट्टी आहे. किनारपट्टीवर ताडी आहे, आणि ताडीत क्लोरल हायड्रेट किंवा अल्प्राझोलामसारखे गुंगीचे रसायन मिसळण्याचे प्रकार राज्यात अनेकदा उघडकीस आले आहेत. ऑगस्ट २०२२ मध्ये मुंबई पोलिसांनी आपल्याच जिल्ह्यातील नालासोपाऱ्यात छापा घालून ७०० किलोहून अधिक एम.डी., म्हणजे मेफेड्रोन, जप्त केले. त्याची किंमत सुमारे १४०० कोटी रुपये सांगितली गेली. स्टेशनच्या आसपास व्हाइटनर आणि पंक्चरचे सोल्युशन हुंगणारी मुले हा आणखी वेगळा विषय आहे.

इथे गुन्हा दाखल होण्याचा अर्थही जरा निराळा असतो. अणुऊर्जा केंद्रात किंवा मोठ्या कारखान्यात कंत्राटी कामाला लागायचे तरी पोलिसांकडून चारित्र्याची पडताळणी मागितली जाते. गांजाच्या एका पुडीची नोंद झाली की गेटपास अडतो. गेटपास अडला की रोजगार जातो, आणि रिकामा माणूस पुन्हा त्याच कोपऱ्यावर जाऊन बसतो.

कोठडीतील पहिले चार दिवस

हा भाग प्रत्येक नातेवाइकाने नीट वाचावा. रोज भरपूर पिणाऱ्या माणसाला अटक झाली की त्याची दारू एकदम बंद होते. शेवटच्या घोटानंतर सहा ते बारा तासांत हात थरथरू लागतात, घाम येतो, उलट्या होतात. बारा ते अठ्ठेचाळीस तासांच्या दरम्यान झटके येऊ शकतात. दोन ते चार दिवसांच्या दरम्यान काहींना भ्रम होतो. भिंतीवर किडे दिसतात, नसलेली माणसे दिसतात, स्थळकाळाचे भान जाते, ताप चढतो, नाडी धावते. याला डॉक्टरी भाषेत डिलिरियम ट्रेमेन्स म्हणतात. वेळेवर उपचार झाले नाहीत तर यात जीव जाऊ शकतो. पाहणाऱ्याला मात्र वाटते, 'नाटक करतोय' किंवा 'भूत लागले'.

उपचार कठीण नाहीत. डायझेपामच्या गटातील औषधे ठरावीक मात्रेत द्यायची, मग हळूहळू कमी करायची. बी-१ जीवनसत्त्वाचे इंजेक्शन द्यायचे, आणि तेही नुसत्या ग्लुकोजच्या सलाइनच्या आधी. कारण बी-१ नसताना फक्त ग्लुकोज दिले तर मेंदूला इजा होण्याची भीती असते. ही औषधे सरकारी रुग्णालयात मिळण्यासारखी आहेत. अडचण औषधाची नसते, कोणी सांगितलेले नसते ही असते.

अल्प्राझोलामच्या गोळ्या किंवा ती मिसळलेली ताडी रोज घेणाऱ्यालाही ती अचानक बंद झाल्यास झटके येऊ शकतात. गर्द बंद झाल्यावर हगवण, उलट्या, हाडे मोडल्यासारख्या वेदना होतात. त्याने सहसा जीव जात नाही, पण शरीरातले पाणी कमी होऊन माणूस गळून जातो. एम.डी. बंद झाल्यावर शरीरापेक्षा मन कोसळते. अतिशय उदासी येते, संशय वाढतो, आत्महत्येचे विचार येतात. अशा माणसाला कोठडीत एकटे ठेवणे धोक्याचे आहे.

अटकेनंतर वैद्यकीय तपासणी करणे कायद्याने आवश्यक आहे. कोठडीत असेपर्यंत दर ४८ तासांनी तपासणी व्हावी, असे सर्वोच्च न्यायालयाने डिसेंबर १९९६ मध्ये डी. के. बसू खटल्यात सांगितले आहे. या तपासणीच्या वेळी 'हा रोज इतकी पितो, शेवटची काल रात्री प्यायला' एवढे एक वाक्य डॉक्टरांच्या कानावर गेले तरी एखादा जीव वाचू शकतो. अब्रूपायी ते लपवू नये.

कायद्यातील सोय

अमली पदार्थांचा कायदा, म्हणजे एन.डी.पी.एस., १९८५ चा. तो कडक आहे हे सर्वांना माहीत असते. त्यात उपचाराचे दार ठेवले आहे, हे फार थोड्यांना माहीत असते. माझ्याकडे येणाऱ्या कुटुंबांपैकी बहुतेकांनी त्याविषयी ऐकलेलेही नसते.

पहिले कलम ६४-अ. व्यसनी माणसावर केवळ सेवनाचा किंवा अल्प प्रमाणात पदार्थ जवळ बाळगल्याचा आरोप असेल, आणि तो स्वखुशीने सरकारी किंवा सरकारमान्य रुग्णालयात वा संस्थेत व्यसनमुक्तीचा उपचार घेत असेल, तर त्याच्यावर त्या गुन्ह्यासाठी खटला चालवला जात नाही. अट एकच, उपचार पूर्ण केला पाहिजे. अर्धवट सोडला तर हे संरक्षण काढून घेता येते. अल्प प्रमाण म्हणजे किती, हे सरकारने ठरवून दिले आहे. गांजा १ किलोपर्यंत, गर्दमधले हेरॉइन ५ ग्रॅमपर्यंत, मेफेड्रोन २ ग्रॅमपर्यंत. विकणाऱ्याला ही सवलत नाही.

दुसरे कलम ३९. अशा गुन्ह्यात दोषी ठरलेला माणूस व्यसनी असेल, तर न्यायालय त्याचे वय, चारित्र्य, प्रकृती पाहून, त्याच्या संमतीने, तुरुंगाऐवजी उपचारासाठी सोडू शकते. त्याने बंधपत्र लिहून द्यायचे आणि एका वर्षाच्या आत उपचाराचा अहवाल न्यायालयापुढे ठेवायचा. अहवाल समाधानकारक असेल तर समज देऊन, चांगल्या वर्तणुकीच्या बंधपत्रावर त्याला मोकळे करता येते.

अठरा वर्षांखालील मुलांसाठी २०१५ च्या बाल न्याय कायद्यात स्वतंत्र तरतूद आहे. मूल व्यसनी आढळल्यास बाल न्याय मंडळ त्याला उपचार केंद्रात पाठवू शकते. मुलाला नशेचा पदार्थ देणाऱ्याला सात वर्षांपर्यंत सक्तमजुरी आणि एक लाखापर्यंत दंड आहे.

दारूच्या बाबतीत मात्र चित्र अपुरे आहे. आपल्याकडे सर्वांत जास्त त्रास दारूचा, पण दारूच्या गुन्ह्यांत ६४-अ सारखे दार नाही. १९५८ च्या परिवीक्षा कायद्याखाली न्यायालय चांगल्या वर्तणुकीच्या हमीवर सोडू शकते. १ जुलै २०२४ पासून लागू झालेल्या भारतीय न्याय संहितेत, दारू पिऊन सार्वजनिक ठिकाणी धिंगाणा घालणाऱ्याला समाजसेवेची शिक्षा देण्याची सोय आली आहे. रस्ता झाडणे किंवा झाडे लावणे ठीकच आहे. पण त्याबरोबर समुपदेशकाकडे हजेरी लावायला सांगितली तर त्या शिक्षेला औषधाचा गुण येईल, असे मला वाटते.

सरकारी पैसा येतो कुठून?

केंद्राच्या कल्याण खात्याने, म्हणजे आजच्या सामाजिक न्याय मंत्रालयाने, १९८५-८६ पासून व्यसनमुक्तीचे काम करणाऱ्या स्वयंसेवी संस्थांना अनुदान देण्यास सुरुवात केली. या योजनेत मान्य झालेल्या खर्चाच्या ९० टक्क्यांपर्यंत रक्कम सरकार देई, उरलेली संस्थेने उभी करायची. त्यातून देशभर खाटा असलेली पुनर्वसन केंद्रे उभी राहिली. डॉक्टर, परिचारिका, समुपदेशक यांचे मानधन, रुग्णाचे जेवण, औषधे हा खर्च त्यात येतो.

२०१८ पासून हे काम अमली पदार्थांची मागणी कमी करण्याच्या राष्ट्रीय कृती आराखड्याखाली चालते. त्यात खाटांच्या केंद्रांबरोबर आणखी काही प्रकार आले. वस्तीत जाऊन रुग्ण शोधणारी व दिवसा येऊन बसता येईल अशी संपर्क केंद्रे, किशोरवयीन मुलांमध्ये त्यांच्याच वयाच्या मुलांकरवी चालणारे काम, जिल्हा पातळीवरील व्यसनमुक्ती केंद्रे, आणि सरकारी रुग्णालयांतील व्यसन उपचार विभाग. तुरुंग आणि बालगृहे यांतही उपचाराची सोय करण्यास या आराखड्यात जागा आहे. १५ ऑगस्ट २०२० रोजी नशामुक्त भारत अभियान २७२ जिल्ह्यांत सुरू झाले, पुढे ते सर्व जिल्ह्यांत नेण्यात आले.

पैशाचा आणखी एक झरा कायद्यातच आहे. एन.डी.पी.एस. कायद्यात १९८९ मध्ये कलम ७-अ घालण्यात आले. त्याने अमली पदार्थ नियंत्रणाचा राष्ट्रीय निधी निर्माण झाला. अमली पदार्थांच्या धंद्यातून मिळवलेली जी मालमत्ता सरकारजमा होते, तिच्या विक्रीची रक्कम या निधीत जमा करता येते, आणि त्यातून व्यसनी माणसांचे उपचार व पुनर्वसन यांवर खर्च करता येतो. विकणाऱ्याच्या बंगल्याच्या पैशातून विकत घेणाऱ्याच्या मुलाबाळांचा संसार सावरावा, अशी ही कल्पना आहे. कल्पना उत्तम आहे.

मग अडते कुठे? अनुदान हप्त्याहप्त्याने आणि तपासणीनंतर येते. मागच्या रकमेचा हिशेब व विनियोग प्रमाणपत्र गेल्याशिवाय पुढचा हप्ता सुटत नाही. सरकारी पैशाचा हिशेब हवाच, त्याबद्दल तक्रार नाही. पण पगार थकला की अनुभवी समुपदेशक दुसरी नोकरी धरतो, आणि व्यसनमुक्तीच्या कामात माणूस हेच मुख्य औषध आहे. दुसरे असे, की अनुदान मागणारी संस्था जिथे असेल तिथे केंद्र निघते. जिथे रुग्ण आहेत पण संस्था नाही, तिथे पैसा आपण होऊन चालत येत नाही.

तिसरी अडचण सर्वांत मोठी. खर्च खाटेवर होतो, पण माणूस पुन्हा घसरतो तो घरी गेल्यावर. 'रोग म्हशीला आणि औषध पखालीला' अशी आपल्याकडे म्हण आहे. खाटेचा उपचार चुकीचा नाही, तो अपुरा आहे. महिनाभर केंद्रात राहिलेला तरुण बोईसरला परत येतो. तीच खोली, तेच मित्र, तोच नाका. पाठपुरावा करणारे कोणी नसेल तर चार दिवसांत 'ये रे माझ्या मागल्या'.

सुटल्यानंतरचे पंधरा दिवस

तुरुंगातून सुटलेल्या गर्दच्या रुग्णाला एक खास धोका असतो. आत असताना पदार्थ मिळाला नाही तर शरीराची वाढलेली सहनशक्ती उतरते. बाहेर आल्यावर तो पूर्वीचीच मात्रा घेतो. पूर्वी पचत होती ती मात्रा आता श्वास बंद पाडते. अमेरिकेतील वॉशिंग्टन राज्यात सुटलेल्या तीस हजारांहून अधिक कैद्यांचा अभ्यास २००७ मध्ये प्रसिद्ध झाला. सुटकेनंतरच्या पहिल्या दोन आठवड्यांत त्यांचा मृत्यूचा धोका त्या राज्यातील इतर रहिवाशांच्या मानाने जवळजवळ तेरा पट होता, आणि मृत्यूचे मुख्य कारण मादक पदार्थांचा अतिरेक हे होते.

म्हणून जामिनाचा कागद हाती पडला त्याच दिवशी उपचाराची तारीखही हाती असली पाहिजे. दिल्लीच्या तिहार तुरुंगात २००८ मध्ये गर्दच्या रुग्णांना डॉक्टरांच्या देखरेखीखाली ब्युप्रेनॉर्फिन हे औषध देण्याची सोय सुरू झाली. हे औषध 'टर्की' थांबवते आणि गर्दची ओढ कमी करते. असा रुग्ण सुटला की त्याला बाहेरच्या केंद्राशी लगेच जोडून देता येते.

इतरांनी काय केले?

अमेरिकेतील मायामी शहरात १९८९ मध्ये व्यसनी आरोपींसाठी वेगळे न्यायालय सुरू झाले. आरोपीने उपचार घ्यायचे, लघवीची तपासणी द्यायची आणि ठरल्या दिवशी न्यायाधीशासमोर उभे राहायचे. उपचार पूर्ण केल्यास खटला मागे. इंग्लंडमध्ये २००३ मध्ये सरकारी पैशाने एक योजना आली. तिच्यात पोलीस ठाण्यातच समुपदेशक उपलब्ध असे. अटक झालेला माणूस सर्वांत जास्त घाबरलेला आणि म्हणून ऐकण्याच्या मनःस्थितीत असतो, ती वेळ त्यांनी साधली. आपल्या देशात पंजाब पोलिसांनी २०२५ मध्ये ६४-अ कलमाचा वापर करून अल्प प्रमाणात पदार्थ सापडलेल्यांना उपचाराकडे वळवण्यास सुरुवात केली.

महाराष्ट्रात या कामाची परंपरा मोठी आहे. पुण्यात डॉ. अनिता अवचट आणि डॉ. अनिल अवचट यांनी २९ ऑगस्ट १९८६ रोजी मुक्तांगण व्यसनमुक्ती केंद्र सुरू केले. पु. ल. आणि सुनीताबाई देशपांडे यांनी दिलेली एक लाखाची देणगी त्यामागे होती. पुढे सरकारी अनुदानही मिळाले, आणि केंद्र सरकारने या संस्थेवर इतर केंद्रांतील कार्यकर्त्यांना शिकवण्याचीही जबाबदारी टाकली. तेथील पाच आठवड्यांच्या उपचारापेक्षाही मला दोन गोष्टी मोलाच्या वाटतात. गावोगावी होणाऱ्या पाठपुराव्याच्या बैठका आणि रुग्णांच्या बायकांसाठी चालणारा 'सहचरी' गट. मुंबईत टाटा समाजविज्ञान संस्थेचा 'प्रयास' हा प्रकल्प १९९० पासून तुरुंगातील आणि तुरुंगातून सुटलेल्या लोकांच्या पुनर्वसनाचे काम करतो. गडचिरोलीत २०१६ मध्ये राज्य शासन, डॉ. अभय बंग यांची 'सर्च' संस्था आणि टाटा ट्रस्ट यांनी मिळून 'मुक्तिपथ' सुरू केले. तिथे गावागावात दारू-तंबाखूविरोधी संघटना आणि तालुक्याच्या ठिकाणी उपचार अशी सांगड घातली आहे. सरकारी पैसा खाटेपलीकडे, वस्तीपर्यंत नेता येतो, हे त्यावरून दिसते.

आपल्या जिल्ह्यात वसईला कृपा फाउंडेशनचे जुने केंद्र आहे. फादर जो परेरा यांनी ही संस्था १९८१ मध्ये वांद्र्याला सुरू केली. बोईसरहून डहाणू लोकलने वसई रोडला थेट जाता येते. पण रोजावर काम करणाऱ्याने दर आठवड्याला पाठपुराव्यासाठी वसईला जायचे म्हणजे एक दिवसाची मजुरी गेली. जव्हार-मोखाड्याच्या माणसाने तर विचारूच नये.

बोईसर-तारापूरने काय मागावे?

मोठ्या इमारतीची मागणी नको. बोईसरला संध्याकाळी पाळी सुटल्यावर उघडे असणारे एक संपर्क केंद्र हवे. दोन खोल्या, दोन समुपदेशक (त्यांपैकी एक स्वतः व्यसनातून बाहेर पडलेला), आणि आठवड्यातून दोनदा येणारा मानसोपचारतज्ज्ञ. केंद्राच्या आराखड्यात असे केंद्र बसते. त्यासाठी एखाद्या नोंदणीकृत, हिशेब चोख ठेवणाऱ्या स्थानिक संस्थेने पुढे येऊन अर्ज करावा लागेल. ग्रामपंचायतींनी ठराव करावेत, जिल्हा नियोजन समितीपुढे विषय न्यावा.

कारखानदारांचाही यात वाटा हवा. सरकारच्या जुन्या योजनेत कारखान्यांनी स्वतःचे व्यसनमुक्ती केंद्र काढल्यास खर्चाचा काही भाग देण्याची तरतूद होती, म्हणजे कल्पना नवी नाही. २०१३ च्या कंपनी कायद्यानुसार ठरावीक मर्यादेवरील कंपन्यांना सरासरी नफ्याच्या दोन टक्के रक्कम समाजकार्यावर खर्च करावी लागते, आणि आरोग्य हा त्यातला मान्य विषय आहे. उपचार पूर्ण करून आलेल्या कामगाराला कामावर परत घ्यायचे, एवढे जरी कारखान्यांनी ठरवले तरी निम्मे काम होईल. रिकाम्या हाताला व्यसन लवकर चिकटते.

नातेवाइकांनी काय करावे?

१. अटक झाल्याबरोबर पोलिसांना आणि तपासणाऱ्या डॉक्टरांना व्यसनाची पूर्ण माहिती द्यावी: कोणता पदार्थ, किती वर्षे, रोज किती, शेवटचा कधी. पूर्वी झटके आले असल्यास ते आधी सांगावे. चालू औषधांच्या चिठ्ठ्या सोबत न्याव्यात.

२. कोठडीत थरथर, झटके, भ्रम, सतत उलट्या दिसल्यास ताबडतोब रुग्णालयात नेण्याची विनंती करावी. शक्यतो लेखी द्यावी.

३. वकिलांना कलम ६४-अ आणि ३९ विषयी स्वतःहून विचारावे. वकील परवडत नसल्यास तालुका विधी सेवा समितीकडे जावे. विधी सेवेचा दूरध्वनी क्रमांक १५१००. व्यसनग्रस्तांना कायदेशीर मदत देण्याची राष्ट्रीय विधी सेवा प्राधिकरणाची योजना २०१५ पासून आहे.

४. केंद्र निवडताना ते सरकारमान्य आहे का, २०१७ च्या मानसिक आरोग्य कायद्याखाली नोंदलेले आहे का, डॉक्टर कोण येतात, हे पाहावे. नोंदणी नसलेल्या ठिकाणच्या उपचाराचा कागद न्यायालयात उपयोगी पडेलच असे नाही. जिथे साखळीने बांधतात, मारतात, नातेवाइकांना भेटू देत नाहीत, तिथे रुग्ण ठेवू नये.

५. चहातून किंवा भाजीतून गुपचूप देण्याच्या पावडरींवर पैसे घालवू नयेत. काही औषधे दारूबरोबर पोटात गेल्यास रक्तदाब कोसळतो.

६. उपचार झाल्यावर निदान वर्षभर पाठपुरावा सोडू नये. मध्येच घसरला तर 'सगळे फुकट गेले' असे म्हणू नये. मधुमेह्याची साखर वाढली म्हणून आपण औषध बंद करत नाही, नव्याने सुरुवात करतो. अल्कोहोलिक्स अॅनॉनिमसच्या बैठका विनामूल्य असतात.

७. माहितीसाठी केंद्र सरकारची व्यसनमुक्ती मदतवाहिनी १४४४६ आणि मानसिक आरोग्यासाठी टेलि-मानस १४४१६. दोन्ही विनामूल्य आहेत.

८. घरात मारहाण होत असेल तर व्यसनाचे कारण सांगून ती सहन करू नये. उपचार आणि स्वतःचे संरक्षण या दोन्ही गोष्टी एकाच वेळी मागता येतात.

शेवटी एवढेच. अमली पदार्थ विकणाऱ्यांवर कठोर कारवाई झालीच पाहिजे, याबद्दल दुमत नाही. पण पकडलेल्यांत पुडी विकणारा आणि पुडीवाचून तळमळणारा असे दोन प्रकार असतात, आणि कायद्याने त्या दोघांत फरक केला आहे. आपणही करावा. दुसऱ्या प्रकारातला तरुण आपल्याच चाळीतला, आपल्याच पाड्यावरचा असतो. तो आज ना उद्या सुटणार आहे आणि परत इथेच येणार आहे. तेव्हा त्याच्या हातात काय असेल, उपचाराची तारीख की नुसता जामिनाचा कागद, हे काही प्रमाणात आपल्या गावाने काय मागितले त्यावर ठरेल.